काशीच्या वाड्यांतील दिव्याची कळ

घरातल्या दिव्याचा इतिहास बहुधा इंधनाच्या क्रमाने लिहिला जातो: आधी तीळ, करडई आणि एरंडीचे तेल, मग रॉकेल, मग वीज. दिवा लावणारा हात आणि दिवा यांच्यातले अंतर कसकसे वाढत गेले आणि ते सांधण्यासाठी कोणती साधने आली, ही या इतिहासाची दुसरी बाजू मात्र सहसा नोंदवली जात नाही. गंगेच्या काठावरील काशीच्या मराठी वस्तीत ही बाजू विशेष स्पष्ट दिसते, कारण तेथील घरे दगडी आहेत आणि दिव्याच्या नियंत्रणात झालेल्या प्रत्येक बदलाला त्या दगडाशी काही ना काही तडजोड करावी लागली आहे. भिंतीवर नुसते चिकटवता येणारे आणि दिव्याशी कोणत्याही तारेने न जोडलेले बिनतारी बटण, म्हणजेच वायरलेस स्विच, हा या बदलांतला सर्वांत अलीकडचा टप्पा होय, आणि त्याचा विचार या दीर्घ क्रमात ठेवूनच करणे योग्य ठरते.

काशीशी महाराष्ट्राचा संबंध पेशवाईच्या पुष्कळ आधीपासूनचा आहे. एकनाथांनी आपले भागवत 1573 मध्ये कार्तिक पौर्णिमेला याच नगरीत पूर्ण केले आणि शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्टही काशीचेच होते. तथापि दगडी वाड्यांची सलग मराठी वस्ती आकाराला आली ती 18 व्या शतकात. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी काशीत वास्तव्य केल्यावर ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या परिसराला मराठी वळण लागले. पंचगंगा घाटावरील बिंदुमाधवाच्या देवस्थानाला औंधच्या पंतप्रतिनिधींचा आश्रय लाभला. शिंदे आणि भोसले या घराण्यांची नावे तर घाटांनाच मिळाली. या वस्तीतील घरे बहुतांशी चुनारच्या वालुकाश्माची आहेत. चुनारचा हा दगड गंगेतून नावांनी आणणे सोयीचे होते, तो कोरायला सुलभ होता आणि पुराच्या पाण्यातही टिकत असे. म्हणून येथे जाड भिंतींची, मधोमध चौक असलेली आणि अरुंद गल्लीच्या दोन्ही अंगांना उंच चढत गेलेली घरे उभी राहिली. अशा घरात खालच्या मजल्यावर भर दुपारीही काळोख असतो आणि म्हणून दिव्याची गरज केवळ रात्रीपुरती राहत नाही.

विजेपूर्वीच्या काळात दिव्याची जागा हाताच्या पोचेवरून ठरत असे. भिंत बांधतानाच तिच्यात दिव्यासाठी कोनाडा सोडला जाई, देवघरात समई जमिनीवर असे आणि साखळीला टांगलेला लामणदिवा वात पुढे सारण्यासाठी व तेल घालण्यासाठी हाताला लागेल इतक्याच उंचीवर ठेवला जाई. दिवेलागणीच्या वेळी घरातील कोणीतरी एकेका दिव्यापाशी जाऊन तो लावत असे, आणि विझवण्यासाठीही पुन्हा तेथवर जावे लागे. या नियमाला काशीत एक अत्यंत देखणा अपवाद आहे, तो म्हणजे आकाशदीप. कार्तिक महिन्यात पंचगंगा घाटावर उंच बांबू रोवले जातात, वेताच्या किंवा बांबूच्या विणलेल्या टोपलीत पेटता दिवा ठेवला जातो आणि बांबूच्या टोकाशी असलेल्या कप्पीवरून दोरी ओढून ती टोपली वर चढवली जाते. पितरांना वाट दिसावी या श्रद्धेने चालत आलेल्या या प्रथेत दिवा आणि हात यांची फारकत झाली आणि दोहोंमध्ये दोरी आली. वरचा दिवा खाली उभ्या असलेल्या माणसाच्या ताब्यात राहू लागला. याच घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला सुमारे हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ आहे, ज्याला तेथील लोक हजारा म्हणतात. महाराष्ट्रातील देवळांपुढच्या दीपमाळेशी त्याचे नाते उघड आहे. काशी विश्वनाथाच्या मंदिराची अहिल्याबाईंनी केलेली पुनर्बांधणी 1780 च्या सुमाराची. हजाराही त्याच औदार्याचा भाग मानला जातो. मात्र दीपस्तंभावरील प्रत्येक पणती हातानेच लावावी लागते, आणि म्हणून या लेखाच्या दृष्टीने आकाशदीपाची साधी दोरी ही अधिक दूरचा विचार करणारी रचना ठरते.

रॉकेलच्या काळाने नियंत्रणाच्या पद्धतीत थोडीच भर घातली. 1916 पासून कराडजवळ उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्यातून आलेला प्रभाकर कंदील मराठी घरांत परिचित झाला. त्याच्या कडेची किल्ली फिरवून वात कमी-जास्त करता येई, परंतु किल्ली कंदिलावरच असल्याने हात कंदिलापाशी नेणे चुकत नसे.

खरा पालट विजेने घडवला. 1916 मध्येच स्थापन झालेल्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात 1919 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि विद्युत अभियांत्रिकीची पदवी देणाऱ्या देशातील आरंभीच्या संस्थांत त्याची गणना झाली. शहराला वीज पुरवण्याचे काम बनारस इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी या खासगी कंपनीने केले. विजेच्या दिव्याबरोबर घरात आलेले बटण हे दिसायला क्षुद्र असले तरी त्यामागे एक कठीण प्रश्न सुटलेला होता. वाहता प्रवाह तोडताना बटणातील दोन धातुपट्ट्या हळूहळू दूर झाल्या, तर त्यांच्यामधल्या हवेतून ठिणगी पडत राहते आणि पट्ट्या जळून जातात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स याने 1884 मध्ये स्प्रिंगच्या योगाने पट्ट्या क्षणार्धात दूर करणारे बटण तयार केले. आजच्या प्रत्येक बटणातून येणारा ‘टक्’ असा आवाज त्याच तत्त्वाचा आहे. 1963 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अँकर या उद्योगामुळे पियानो स्विच म्हणून ओळखली जाणारी सपाट बटणे पुढे भारतभर घरोघरी पोचली.

या बटणाने हात आणि दिवा यांच्यात तार आणली, आणि तार म्हटली की भिंत आलीच. विटांच्या घरात भिंतीला खाच पाडून तार आत पुरता येते. चुनारच्या दगडात मात्र छिन्नी चालवणे खर्चाचे असते आणि एकदा पाडलेली खाच पुन्हा भरून येत नाही. म्हणून काशीच्या जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवर खिळवलेल्या तारांची, आणि नंतर प्लास्टिकच्या पन्हळीतून नेलेल्या तारांची पद्धत रुजली. कोरीव खांब, महिरपी आणि तुळया यांवरून या पट्ट्या आडव्या-उभ्या धावू लागल्या आणि ज्या वाड्यांची शोभा दोन शतके टिकली होती तिला काही दशकांतच ओरखडे पडले. त्यात जिन्याची अडचण विशेष होती. उंच आणि अंधाऱ्या जिन्याचा दिवा खालून लावून वर गेल्यावर विझवता यावा म्हणून टू-वे जोडणी करतात, म्हणजे एकाच दिव्याला दोन ठिकाणी बटणे देतात. परंतु त्यासाठी दोन बटणांदरम्यान जादा तारा खालपासून वरपर्यंत न्याव्या लागतात. अनेक घरांनी हा खर्च टाळला आणि जिन्याचा दिवा एक तर रात्रभर जळत राहिला किंवा कधी लागलाच नाही. दगडी जिन्यावर वृद्धांना त्यापायी जो धोका पत्करावा लागतो तो किरकोळ मानण्यासारखा नाही.

तारेशिवाय दूरची वस्तू चालू करण्याचा प्रयोग मात्र भारतात फार आधी झाला होता. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्यात विद्युतचुंबकीय लहरी सोडून, मधल्या भिंती ओलांडून सुमारे 75 फुटांवर असलेली घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवली. लहर पोचताच ज्याचा विद्युतरोध एकदम घटतो असा ग्राहक, म्हणजे लहर टिपणारे साधन, त्यांनी वापरला होता. विद्युतरोध घटला की दुसऱ्या टोकाच्या विद्युतघटाचा प्रवाह वाहू लागे आणि घंटा वाजे. लहरीने स्वतः काम न करता केवळ कामाची आज्ञा पोचवावी आणि काम तेथल्या विजेने करावे, हेच आजच्या बिनतारी बटणाचेही तत्त्व आहे. इतके असूनही ते घराघरांत यायला शतकाहून अधिक काळ लागला. याचे एक कारण तांत्रिक होते, कारण स्वस्त आणि अत्यल्प विजेवर चालणारे प्रक्षेपक उपलब्ध नव्हते. दुसरे कारण कायद्याचे होते. 1933 च्या भारतीय बिनतारी संदेश कायद्यानुसार असे उपकरण परवान्याशिवाय बाळगता येत नसे. 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झ आणि 865 ते 867 मेगाहर्ट्झ या वारंवारतेच्या पट्ट्यांतील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली, तेव्हा कुठे सामान्य गृहस्थाला असे बटण विकत घेऊन भिंतीवर लावण्याची वाट खुली झाली.

या व्यवस्थेचे दोन भाग असतात. पहिला भाग ग्राहक, म्हणजे रिसीव्हर. काडेपेटीएवढी ही पेटी दिव्याच्या डोक्याशी किंवा छतावरील जोडपेटीत बसवतात, तिला फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) या दोन्ही तारा देतात आणि तिच्यातून निघणारी तार दिव्याला जोडतात. जुन्या घरांत बटणापर्यंत बहुधा केवळ फेजची तार उतरलेली असते आणि न्यूट्रल परस्पर दिव्याकडे गेलेली असते. म्हणून ग्राहक भिंतीवरील बटणाच्या पेटीत न ठेवता दिव्यापाशी ठेवणे सोयीचे पडते, कारण दोन्ही तारा तेथेच भेटतात. हे काम मेन स्विच बंद करून आणि परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे लागते. दुसरा भाग प्रत्यक्ष बटणाचा. त्यात घरगुती विजेचा लवलेश नसतो. काही बटणांत 3 व्होल्टची चपटी नाण्यासारखी बॅटरी असते, तर काहींत बॅटरीही नसते: बोटाने दाबल्यावर आतले लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून झटक्याने सरकते आणि त्यातून निर्माण होणारी क्षणिक वीज एक छोटा संदेश पाठवण्यास पुरते. प्रत्येक बटणाला स्वतःचा क्रमांक असतो आणि संदेशातून तोच क्रमांक जातो. ग्राहकावरील कळ काही क्षण दाबून धरून लगेच बटण दाबले की ग्राहक तो क्रमांक लक्षात ठेवतो. या ओळख पटवण्याला पेअरिंग म्हणतात. एका ग्राहकाला अनेक बटणे ओळखायला शिकवता येतात, आणि त्यामुळे जिन्याची जुनी अडचण एकही जादा तार न ओढता सुटते: खाली एक, वर एक आणि हवे तर उशाशी एक अशी तीन बटणे एकाच दिव्याला पुरतात.

दगडी भिंत येथेही आपले अस्तित्व दाखवतेच. जाड आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीतून जाताना लहर क्षीण होते आणि आखूड लहरींना हा अडथळा अधिक जाणवतो. 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, तर 865 मेगाहर्ट्झची सुमारे 35 सेंटिमीटर. म्हणून अशा वाड्यांत 865 मेगाहर्ट्झच्या पट्टीतील साधने अधिक भरवशाची ठरतात. वाड्याची मूळ रचनाही येथे साहाय्य करते, कारण मधला चौक खुला असल्याने दारे-खिडक्यांतून निघालेली लहर चौकातून परावर्तित होत समोरच्या सोप्यापर्यंत पोचू शकते. बटण कायमचे चिकटवण्यापूर्वी ते हातात धरून निरनिराळ्या जागांवरून दाबून पाहावे, आणि ही पारख सर्व दारे लावून करावी. वीजपुरवठा खंडित होऊन परत आल्यावर दिवा आपोआप पेटणार की आधीच्या स्थितीत राहणार, हेही खरेदीपूर्वीच विचारून घेणे आवश्यक आहे. तसेच इंटरनेट बंद असतानाही बटण आणि ग्राहक यांचा थेट संबंध टिकतो अशीच प्रणाली घरगुती दिव्यांसाठी ग्राह्य मानावी.

शहराच्या गल्ल्यांवरचे तारांचे जाळे आता बरेच विरळ झाले आहे. एकात्मिक वीज विकास योजनेचा आरंभ सप्टेंबर 2015 मध्ये वाराणसीतच झाला आणि तिच्याखाली जुन्या काशीच्या मोठ्या भागातील तारा जमिनीखाली गेल्या. गल्ली मोकळी झाली, तरी वाड्यांच्या आतल्या भिंतींवर पट्ट्या आणि पन्हळी तशाच आहेत. त्यांतली बटणापर्यंत उतरणारी प्रत्येक तार आज अनावश्यक ठरू शकते. छतावरील मुख्य तारा आणि अर्थिंग, म्हणजे गळती झालेला प्रवाह जमिनीत नेणारी जोडणी, ही मात्र कोणत्याही बिनतारी साधनाने टळत नाही. जीर्ण तारा तशाच ठेवून वर नवी बटणे बसवणे हे घातकच होय. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगेच्या परिसरात जे जुने वाडे आजही राहते आहेत, त्यांच्या मालकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी आधी तारा तपासून बदलाव्यात, मग बटणे बिनतारी करावीत, आणि चुनारच्या दगडाला छिन्नी लावू नये.