मोडनिंबच्या शिवारातले जीवशास्त्र

पेशी, श्वसन, आनुवंशिकता, निवड, सूक्ष्मजीव, परिसंस्था या शालेय जीवशास्त्राच्या पायाभूत संकल्पना. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, पुणे–सोलापूर महामार्गावर असलेल्या मोडनिंबच्या परिसरात त्या पाठ्यपुस्तकातून पोचण्याआधीच वेगळ्या वाटांनी येऊन गेल्या होत्या. पटकीच्या साथींतून, ज्वारीच्या बियाण्यातून, जनावरांच्या विषबाधेतून आणि डाळिंबाच्या कलमांतून. दहावीच्या परीक्षेआधी या धड्यांची उजळणी होते तेव्हा उदाहरणे मात्र बहुधा दूरची असतात: वाटाण्याची रोपे, गॅलापागोस बेटांवरचे पक्षी. जवळची उदाहरणे शिवारातच आहेत आणि त्यांना चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सूक्ष्मजीवांशी या भागाची गाठ पडली ती पंढरीच्या वाटेवर. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये तो मार्ग पंढरपूरपर्यंत गेला आणि मोडनिंब हे त्यावरचे एक स्थानक झाले. आषाढी-कार्तिकीला पायी येणाऱ्यांच्या जोडीला आता गाडीने येणाऱ्यांची गर्दी झाली. यात्रेतली पटकी जुनीच होती. चंद्रभागेचे वाळवंट, उघड्यावरचे शौच आणि तेच पाणी पिण्यासाठी, एवढे कारण साथीला पुरत असे. यात्रा पांगली की रोगही वारकऱ्यांबरोबर गावोगाव पोचे. गावात मरीआईचा गाडा निघे आणि वेशीबाहेर, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडला जाई. रोग बाहेरून येतो आणि माणसांबरोबर प्रवास करतो एवढे निरीक्षण त्या रूढीत होते. तो पाण्यातून येतो, हे मात्र नव्हते.

ते लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ च्या साथीत दाखवले होते. रॉबर्ट कॉखने १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे काम करून स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू ओळखला. हा जिवाणू लहान आतड्यात विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याच्या अस्तरातील पेशी क्षार बाहेर टाकू लागतात आणि क्षारांमागोमाग पाणी जाते. परासरणाचा धडा तो हाच. पाणी कमी संहतीच्या द्रावणाकडून जास्त संहतीच्या द्रावणाकडे निवडक्षम पटलातून जाते, आणि पटकीत ते शरीराकडून आतड्याच्या पोकळीकडे वाहते. रोगी मरतो तो शरीर कोरडे पडल्याने. उपायही पेशीपटलातच सापडला. ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी यंत्रणा पटकीतही शाबूत राहते, म्हणून साखर-मिठाचे पाणी शरीरात जिरते. बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाच्या बळावर असंख्य जीव वाचवले. घरोघरी माहीत असलेली जलसंजीवनी ती हीच. प्रतिकारशक्तीचा धडाही वारीनेच दिला. वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीवरची लस १८९३ पासून भारतात टोचायला घेतली, प्लेगची लस १८९७ मध्ये मुंबईत तयार केली. विसाव्या शतकात पंढरपूरच्या वाटेवर यात्रेकरूंना लस टोचणे ही नेहमीची गोष्ट झाली.

नारूची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती संपली आहे. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरायला उतरलेल्या माणसाच्या पायावरच्या फोडातून कृमीची पिल्ले पाण्यात पडत. सायक्लॉप्स नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जलचर ती गिळे आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटातून ती पुन्हा माणसात येत. सुमारे वर्षभराने हातभर लांबीची मादी कातडीतून डोके काढी. जीवनचक्राचा एक दुवा तोडला की चक्र थांबते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसवणे एवढ्यावर हा रोग गेला. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

निवड आणि आनुवंशिकता या संकल्पनांसाठी मोडनिंबहून सोलापूरच्या दिशेने मोहोळपर्यंत गेले की पुरे. रब्बी ज्वारी हे या भागाचे जीवन. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, काळ्या रानात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर, जमलेच तर थंडीतल्या धुक्या-दहिवरावर, ती माघापर्यंत पिकवायची. शेतकरी ज्या वाणाला मालदांडी म्हणत, तो एकजिनसी नव्हता. एकाच रानात काही ताटे उंच, काही बुटकी, काही कणसे गच्च, काही फुटलेली, काही झाडे ओल तुटल्यावर लगेच माना टाकणारी तर काही तग धरणारी. या फरकांनाच पुस्तकात विविधता म्हणतात. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात या मिसळीतून निवड करून मालदांडी ३५-१ हे वाण काढले गेले.

शुद्ध वंशाची निवड अशी चालते: रानातून चांगली कणसे वेगवेगळी खुडायची, प्रत्येक कणसाचे दाणे स्वतंत्र ओळीत पेरायचे, ओळींची तुलना करायची आणि सरस ओळीचेच बियाणे पुढे न्यायचे. झाडे पारखण्याऐवजी त्यांची संतती पारखायची, हे या पद्धतीचे मर्म. एखादे ताट खतवणीत उगवले म्हणून जोमदार दिसते. तो जोम बियाण्यात उतरत नाही. संततीच्या ओळीत ते लगेच उघडे पडते. डेन्मार्कचे विल्हेल्म योहानसेन यांनी घेवड्यावर प्रयोग करून १९०३ मध्ये हाच भेद मांडला होता. ज्वारीत बहुतांश स्वपरागण होत असल्याने निवडलेला वंश पुढच्या पिढ्यांत बऱ्याच अंशी तसाच राहतो. संकरित ज्वारीचे पहिले वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आले आणि खरिपात पसरले. रब्बीच्या कोरड्या रानात मात्र मालदांडीने जागा सोडली नाही. मोत्यासारखा दाणा, पांढरी भाकरी, जनावरांना गोड लागणारा कडबा आणि पाण्याचा ताण सोसण्याची ताकद असे सगळे एका वाणात एकत्र मिळणे दुर्मीळ होते. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ पासून आहे. या दोन केंद्रांच्या कामाला शालेय पुस्तकात अर्धे पान मिळाले असते तर उत्क्रांतीचा धडा जिल्ह्यातल्या मुलांना घरचा वाटला असता.

हीच ज्वारी पेशीय श्वसनाचा धडाही देते आणि तो शेतकऱ्याला महागात पडतो. पाण्याअभावी खुरटलेली किंवा कापणीनंतर खोडव्याला फुटलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली तर काही वेळात ते धापा टाकू लागते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते आणि ते कोसळते. कोवळ्या पानांत धुरिन नावाचे संयुग असते. पाने चावली गेली की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. सायनाइड तंतुकणिकेतल्या एका विकराला जखडून टाकते. हा विकर श्वसनसाखळीच्या शेवटी ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देत असतो. तो थांबला की एटीपी तयार होत नाही. फुप्फुसे चालू असतात, रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराच्या शिरेतले रक्त काळपट दिसायच्या ऐवजी लालभडक दिसते. श्वासोच्छ्वास आणि पेशीय श्वसन यांतला फरक स्पष्ट करा, हा परीक्षेतला जुना प्रश्न. लालभडक शिरेत त्याचे संपूर्ण उत्तर आहे. जनावरांचा डॉक्टर वेळेत पोचला तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनने ते वाचते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या भागाचा चेहरा फळबागांनी बदलला. रोजगार हमी योजनेला जोडलेली फळबाग लागवड १९९० पासून सुरू झाली आणि हलक्या, मुरमाड रानांत बोर आणि डाळिंब उभे राहिले. गावठी बोरीच्या खुंटावर सुधारित जातीचा डोळा भरायचा, मुळे रानटी झाडाची आणि फळ कलमाचे, हा शाकीय प्रजननाचा नमुना शाळकरी पोरांनी बांधावर पाहिलेला असतो. डाळिंबाची कथा अधिक खोल आहे. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदी वाणातून निवडलेले डाळिंब पुढे गणेश म्हणून ओळखले गेले. त्याचे बी मऊ, पण दाणा फिका. गुल-ए-शाह रेड हे परदेशी वाण गडद लाल, पण बी टणक आणि चव आंबट. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या दोघांचा संकर झाला. पहिल्या पिढीनंतर दुसऱ्या पिढीत गुणांच्या जोड्या सुट्या होऊन नव्याने जुळतात, हे मेंडेलने वाटाण्यावर दाखवले आणि १९०० मध्ये जगाला पुन्हा उमगले. त्या दुसऱ्या पिढीतल्या झाडांतून लाल दाणा आणि मऊ बी एकत्र आलेली झाडे निवडली गेली. मृदुला आणि भगवा ही वाणे अशी जन्मली.

भगव्याचे बी पेरले तर पुन्हा भगवा मिळण्याची खात्री नाही, कारण जोड्या पुन्हा सुटतात. म्हणून फांदीला गुटी बांधून मुळे फुटवतात आणि कलम लावतात. परिणामी एका बागेतली सगळी झाडे, किंबहुना तालुक्यातली लाखो झाडे, जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकच. पुढे तेल्याने बागा झोडपल्या तेव्हा या एकसारखेपणाची किंमत कळली. तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. पानावर तेलकट ठिपका पडतो, फळ इंग्रजी वाय किंवा एल अक्षराच्या आकारात तडकते. पावसाच्या थेंबांनी, छाटणीच्या कात्रीने आणि रोगट कलमांनी तो बागेतून बागेत जातो. विविधता असलेल्या रानात काही झाडे तरी तगली असती. इथे एक झाड बळी पडणारे असेल तर सगळीच तशी. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये स्थापन झाले आणि तेल्या हा त्याच्या कामाचा मोठा भाग राहिला.

परिसंस्थेचा धडा मात्र नुकसानीचा आहे. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. गवत, नाकतोडे, सरडे, लांडगे, काळवीट आणि माळढोक यांची ती पूर्ण अन्नसाखळी आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि त्यात माढा तालुक्याचाही भाग येत होता. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी आले, ज्वारीच्या रानात ऊस आला, माळ नांगरले गेले. माणसांच्या हाती पैसा आला हे खरे आणि चांगलेही. पण वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा माळढोक या वेगाशी जुळवून घेऊ शकला नाही.

या सगळ्याला पुस्तकी रूप उशिरा मिळाले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ सुरू झाले, मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. बालभारती १९६७ ची. दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्यानंतर जीवशास्त्र टाळून शाळा सोडणे शक्य राहिले नाही. गुणसूत्र, तंतुकणिका, हरितलवक, विकर हे शब्द मराठी माध्यमाच्या प्रत्येक मुलाच्या तोंडी बसले. २०१८ पासूनच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये आनुवंशिकता व उत्क्रांतीपासून सुरुवात होते, मग सजीवांतील जीवनप्रक्रियांचे दोन धडे, पुढे प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पेशीविज्ञान. अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्या मुलांना तेच सारे इंग्रजीतून पुन्हा शिकावे लागते आणि ग्रामीण भागातली हुशार मुले तिथे अडखळतात. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतही देता येते. तिच्या ७२० गुणांपैकी निम्मे, ३६०, जीवशास्त्राचे आहेत.