घर आणि पत्ता

घराला पत्ता गावाचा लागतो, हे कर्जाच्या अर्जांवर मी वीस वर्षं वाचतोय. मोझरीत उलटं झालं. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथं आश्रम थाटला, नाव ठेवलं गुरुकुंज. भांडवल म्हणाल तर खंजिरी. (आमच्या साहेबांनी ती तारण घेतली नसती!) १९४२ मध्ये इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात टाकलं, १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. १९६८ मध्ये देह ठेवला तो इथंच. आणि घराचं नाव गावाच्या पुढे जाऊन बसलं : गुरुकुंज मोझरी.

मीही कर्ज काढून ऐसपैस प्लॉट घेतला, मधोमध दोन खोल्या बांधल्या, फाटकावर सौभाग्यवतींचं नाव कोरलं. पोस्टमन अजून विचारतो, ‘‘निंबाच्या मांगचे बँकवाले तुम्हीच का जी?’’