'डेंजर'मधला धनी

विजेच्या खांबावरची लाल पाटी गावोगाव पोहोचली आणि 'डेंजर' हा शब्द इंग्रजी न शिकलेल्यांनाही ओळखीचा झाला. धोका, जिवावरचे संकट, एवढाच त्याचा अर्थ आज उरला आहे. मुळात मात्र हा शब्द संकटाचा नव्हता, सत्तेचा होता.

लॅटिनमध्ये 'डोमुस' म्हणजे घर आणि 'डोमिनुस' म्हणजे धनी, स्वामी. (संस्कृतातला घरवाचक 'दम' याच कुळातला, 'दंपती' म्हणजे मूळचे घरधनी.) धन्याचा अधिकार सांगणारे एक रूप बोली लॅटिनमध्ये घडले आणि जुन्या फ्रेंचमध्ये ते 'दांजिए' झाले. मूळच्या 'ओ'चा 'आ' होण्यामागे नुकसान या अर्थाच्या 'दाम्नुम' या शब्दाचा संसर्ग असावा, असे मानतात. किल्ल्यातल्या अंधारकोठडीला इंग्रजीत 'डंजन' म्हणतात, तो शब्दही डोमिनुसच्याच घराण्यातला आहे.

1066मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि राज्यकर्त्यांची फ्रेंच तिथल्या दरबारात आणि न्यायालयात शिरली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'डेंजर' इंग्रजी लेखनात दिसू लागतो, तो ताबा आणि अधिकार या अर्थाने. अमुक माणूस तमुकाच्या डेंजरमध्ये आहे, म्हणजे तो त्याच्या मुठीत आहे. कर्जदारही सावकाराच्या डेंजरमध्ये असे.

सत्ता असलेला माणूस सहज हाती लागत नाही, त्यामुळे या शब्दाला तुटकपणाची छटाही चिकटली. गियोम द लोरिस याने 1230च्या सुमारास रचलेल्या गुलाबाच्या रूपककाव्यात 'दांजिए' हे चक्क एक पात्र आहे. प्रियकराला गुलाबापाशी फिरकू न देणारा हा दांडगा रखवालदार म्हणजे प्रेयसीचा नकार. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसर आपल्या सज्जन धर्मगुरूचे वर्णन करताना त्याचे बोलणे 'डेंजरस' नव्हते असे सांगतो, तेव्हा त्याला म्हणायचे असते, त्यात तोरा नव्हता. आजचा अर्थ लावला तर ती ओळ पार बिघडते.

सत्तेवरून संकटावर हा शब्द कसा आला, याचे उत्तर मला त्याच्या वापरातच दिसते. ज्याच्या ताब्यात आपण आहोत तो आपले वाईट करू शकतो. आधी ही शक्यता अधिकाराच्या पोटात होती. हळूहळू तीच पुढे आली आणि धनी वाक्यातून गळाला. 'अमक्याच्या डेंजरमध्ये'मधला 'अमक्याच्या' गेला, 'डेंजरमध्ये' तेवढे उरले.

धोक्याचे इतर इंग्रजी शब्द वेगळ्या वाटांनी आले. 'पेरिल' लॅटिनमधल्या कसोटीवाचक शब्दापासून आला, 'जेपर्डी' फ्रेंचमधल्या बरोबरीच्या डावापासून. 'फिअर'चा प्रवास तर उलटा आहे: जुन्या इंग्रजीत तो अचानक कोसळणाऱ्या आपत्तीचा शब्द होता, नंतर तो मनातल्या भीतीचा झाला. या सगळ्यांत 'डेंजर' मला वेगळा वाटतो, कारण त्याच्या मुळाशी खेळ नाही की योगायोग नाही, दुसरा माणूस आहे.

जुना अर्थ लगेच मेला नाही. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये वकिलाच्या वेशातली पोर्शिया भर न्यायालयात अँटोनिओला विचारते, की तू याच्या डेंजरमध्ये आहेस ना? सावकार शायलॉकचे कर्ज थकले आहे आणि करारानुसार छातीजवळचे पौंडभर मांस द्यायचे आहे. अँटोनिओ होकार देतो, तेव्हा त्याला सावकाराचा ताबा आणि जिवाचा धोका दोन्ही मान्य करावे लागतात.