नमस्कार, जोहार आणि डिसेंबरची मेल

दर डिसेंबरात आमच्या टीममध्ये एक वाद हमखास रंगतो. सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये 'मेरी ख्रिसमस' लिहायचं की 'हॅपी हॉलिडेज'? यंदा एकजण वैतागून म्हणाला, "हे सगळं अमेरिकन फॅड आहे रे. शब्दांनी काय फरक पडतो?"

पडतो, मंडळी. आणि आपल्याकडे फार आधीपासून पडत आलाय. ऑगस्ट १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या सोनारांना चक्क 'नमस्कार' म्हणायला बंदी केली. तीही पेशवे सरकारच्या सांगण्यावरून! का, तर नमस्कार ब्राह्मणांचा; सोनारांनी तो घेणं म्हणजे पायरी सोडणं. महारांनी 'जोहार' घालायचा, ही तर जुनीच रीत. म्हणजे तोंड उघडलं की जात कळलीच पाहिजे. कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' रुजवला, त्याचं मोल हे माहीत असलं की जास्त कळतं.

आमच्या जालन्याला नाताळ काही नवा नाही. जन्माने ब्राह्मण असलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे आले ते बरेचसे गावकुसाबाहेरचे लोक. जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. एका वस्तीत तीन धर्मांचा हात!

आता कुणी म्हणेल, आपली संक्रांत बघा. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' यात ना देव, ना जात. खरंय. पण मला लहानपणची एक संक्रांत आठवते. आजी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायची. अंगण झाडायला येणाऱ्या बाईंच्या ओंजळीत मात्र वरून टाकायची. शब्द तेच, 'गोड बोला'. तेव्हा मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

आजीला नावं ठेवणं सोपं आहे. पण परवा 'हॅपी हॉलिडेज' लिहून सेंड दाबताना लक्षात आलं, की आमच्या मजल्यावरच्या सफाईच्या मावशींना मेल आयडीच नाही. म्हणजे 'सगळ्यांना' गेलेल्या मेलमध्ये त्या नाहीतच.

असो. १४ जानेवारीला डबा भरून तिळगूळ नेणार आहे. पहिला मावशींना. हातावर.