परिचारिकेचे आजारपण आणि रजेचा हिशेब

रजेविषयी बोलताना आपण पैशांचीच भाषा वापरतो. रजा 'शिल्लक' असते, 'खात्यावर' जमा होते, 'खर्ची' पडते आणि तिचा एक प्रकार तर नावानेच 'अर्जित' आहे. आधी काम, मग रजा, हा क्रम आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्यात काही खटकावे असे वाटत नाही. कचेरीतल्या कारकुनाच्या बाबतीत तो चालूनही जातो. नव्याने वॉर्डात उभ्या राहिलेल्या परिचारिकेच्या बाबतीत मात्र तो उलटा पडतो. तिच्या प्रकृतीला सर्वांत मोठा धोका असतो तो सुरुवातीच्या काळात, म्हणजे खात्यावर एक दिवसही जमा नसतो तेव्हा. ही गोष्ट वैद्यकाला कळायला फार वेळ लागला. कशी कळली, त्याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. परिचर्येचा इतिहास म्हटला की दिवा हातात घेतलेली बाई पुढे येते आणि मागचे सगळे अंधारात राहते.

त्या दिवेवाल्या बाईपासूनच सुरुवात करू, कारण ती स्वतः आजारी होती. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५५ च्या मे महिन्यात बालाक्लाव्हा येथे तापाने पडल्या, काही दिवस जिवावर बेतले. मायदेशी परतण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. इंग्लंडला गेल्यावर १८५७ पासून पुढची कित्येक वर्षे त्या बहुतेक अंथरुणावरून किंवा बंद खोलीतून काम करीत राहिल्या. हा दूषित दुधातून होणारा ब्रुसेलोसिस असावा, असे मत १९९५ मध्ये एका वैद्यकीय अभ्यासकाने मांडले. निदान काहीही असो, आजार कामावर जडला होता. पण त्यांना घरची श्रीमंती होती, वडिलांकडून वर्षाला ५०० पौंड मिळत. रजेचा अर्ज त्यांना कोणाकडे करावा लागला नाही.

त्यांच्या नावाच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत पंधरा जणी होत्या. राहणे, जेवण, चहा-साखर, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड. प्रवेशाला चारित्र्याचा आणि प्रकृतीचा दाखला लागे. आत आल्यावर प्रत्येकीच्या नावाचा एक छापील तक्ता असे आणि मेट्रन दरमहा त्यात शेरे भरी : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप, स्वच्छता. आजारपण हा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. तरी आजारी पडलेल्या मुलीबद्दल 'हिची प्रकृती या कामाला झेपणारी नाही' असा निष्कर्ष निघत असे आणि मग तिला घरी पाठवणे हाच तिच्या भल्याचा मार्ग ठरे. पुढच्या शंभर वर्षांत हे वाक्य निरनिराळ्या भाषांत किती जणींना ऐकवले गेले असेल!

नाइटिंगेल यांना आकड्यांचे वेड होते, हे आता बऱ्यापैकी माहीत झाले आहे. रुग्णालयांविषयीच्या त्यांच्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी लंडनच्या रुग्णालयांतील परिचारिकांच्या मृत्यूंचा हिशेबही मांडला. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांची त्यात मदत होती. रुग्णालयात येणारा माणूस बरा होऊन जातो की नाही हे मोजता, मग तिथेच वर्षानुवर्षे राहणाऱ्या बाईचे काय होते तेही मोजा, असा तो प्रश्न होता. मोजणी पुढे सरकली नाही.

ती पुढे नेली जर्मनीत गेओर्ग कॉर्नेट यांनी. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. त्यानंतर सात वर्षांनी, १८८९ मध्ये, कॉर्नेट यांनी प्रशियातील रुग्णसेवा करणाऱ्या कॅथलिक जोगिणींच्या मठांतील पंचवीस वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मठांची दप्तरे चोख असतात, आणि मठातली बाई नोकरी सोडून गावी जात नाही, म्हणून तिचा शेवट दप्तरात सापडतो. या नोंदींतल्या मृत्यूंपैकी सुमारे ६३ टक्के क्षयाने झालेले निघाले. आकडा भयंकर होता. तरीही त्याचा अर्थ लावताना पळवाटा सापडल्या. मठातले जीवनच कष्टाचे, उपासतापासाचे, बंदिस्त. रुग्णांचा काय संबंध? शिवाय क्षय आनुवंशिक असतो, दुर्बल घराण्यात असतो, हे मत जंतू सापडल्यावरही वैद्यांच्या मनातून गेले नव्हते. दुसऱ्या बाजूला सॅनेटोरियमवाले डॉक्टर छातीठोकपणे सांगत की आमच्याकडे सेवकांना लागण होतच नाही.

मधल्या काळात परिचारिकांनी आणि त्यांच्या हितचिंतकांनी आपापले आडोसे उभारले. हेन्री बर्डेट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये इंग्लंडात परिचारिकांसाठी पेन्शन फंड निघाला. त्यात वर्गणी भरणाऱ्या नर्सला आजारपणातही भत्ता मिळण्याची सोय होती. म्हणजे विमा तिचा, हप्ता तिचा, आजार रुग्णालयाचा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक येथील ट्रूडो सॅनेटोरियममध्ये १९१२ मध्ये याहून चमत्कारिक सोय झाली. क्षयातून उठलेल्या तरुणींसाठीच तिथे परिचर्येची शाळा काढली गेली. एरवी कुठेही प्रकृतीच्या दाखल्यावर अडल्या असत्या अशा मुली तिथे शिकल्या. दयेचे काम होते, आणि सॅनेटोरियमला माणसेही मिळाली.

खरा उलगडा झाला तो ऑस्लोत. तिथल्या उलेव्होल रुग्णालयात योहान्नेस हाइमबेक नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९२४ पासून एक साधी गोष्ट सुरू केली : प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक मुलीची दाखल होतानाच ट्युबरक्युलिनची त्वचाचाचणी करायची, आणि पुढे ठरावीक काळाने पुन्हा करायची. कातडीवर प्रतिक्रिया उमटली तर शरीराची क्षयजंतूशी कधीतरी गाठ पडलेली आहे. नाही उमटली तर अजून पडलेली नाही. त्या काळची सर्वमान्य समजूत अशी की शहाण्यासुरत्या वयापर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला लहानपणीच लागण होऊन गेलेली असते, आणि मोठेपणी होणारा क्षय म्हणजे त्या जुन्याच निखाऱ्यावरची राख उडणे. हे खरे असेल तर परिचारिकेच्या आजाराशी रुग्णालयाचा काही संबंध उरत नाही. ती आजार घेऊनच आली होती.

हाइमबेक यांच्या चाचणीत जवळपास निम्म्या मुली कोऱ्या निघाल्या, म्हणजे जंतूशी संबंधच न आलेल्या. यांत खेड्यापाड्यांतून, विरळ वस्तीतून आलेल्या धडधाकट मुली असणे स्वाभाविक होते. तीन वर्षांचे शिक्षण संपेपर्यंत या कोऱ्या मुलींपैकी जवळजवळ सगळ्यांच्या कातडीवर प्रतिक्रिया उमटू लागली. आणि आजारी कोण पडत होत्या? आधीच लागण होऊन गेलेल्या मुली क्वचितच. क्षयाचा मुख्य मारा झाला तो कोऱ्या आलेल्यांवर. ज्यांना प्रकृतीच्या दाखल्याने उत्तम ठरवले होते, त्याच.

या निष्कर्षाने प्रश्नाची बाजूच फिरली. तोवर आजारी पडलेल्या मुलीच्या अंगात काय कमी होते ते पाहिले जाई; तिचे आईवडील, तिचा बांधा, तिचे जेवण. आता वॉर्डाने तिला काय दिले ते पाहावे लागणार होते. पहिली लागण बऱ्याचदा गाजावाजा करून येत नाही. चार दिवस ताप, अंगदुखी, कधी नडग्यांवर दुखऱ्या लाल गाठी. नवी नर्स असल्या तापाला काय करते? दोन गोळ्या घेते आणि पाळीला उभी राहते, कारण नव्या मुलीने पहिल्याच महिन्यात आजारी पडणे बरे दिसत नाही. सिस्टरही तिला तेच सांगते, आणि सिस्टरला तिच्या सिस्टरने तेच सांगितलेले असते.

हाइमबेक यांनी १९२७ पासून कोऱ्या मुलींना बीसीजी लस देण्यास सुरुवात केली. लस घेतलेल्या मुलींत क्षयाचे प्रमाण चांगलेच घटले. लस ऐच्छिक होती, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी नाके मुरडली, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरही होते. पण नॉर्वेने वाट पाहिली नाही. १९४७ मध्ये तिथे बीसीजीचा कायदाच झाला. इंग्लंडात रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या वतीने १९३५ ते १९४४ या काळात तरुणांतील क्षयाची मोठी पाहणी झाली. प्रॉफिट नावाच्या देणगीदारामुळे ती प्रॉफिट पाहणी म्हणून ओळखली जाते. तिच्यात परिचारिकांचा मोठा गट होता, आणि कोऱ्या आलेल्या मुलींना जास्त धोका, हेच तिथेही दिसले. १९४८ मध्ये अहवाल आला, १९५१ मध्ये ब्रिटिश कायद्याने रुग्णांच्या निकट सहवासात काम करणाऱ्यांचा क्षय व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. कॉर्नेट यांच्या आकड्यापासून बासष्ट वर्षे.

आपल्याकडे प्रशिक्षित परिचर्येचा आरंभ मुंबईत झाला म्हणायला हरकत नाही. कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. लष्करी रुग्णालयांसाठी इंग्लंडहून दहा परिचारिका १८८८ मध्ये मुंबई बंदरात उतरल्या, आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या परिचर्येचे शिक्षण घ्यायला आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून नोंदल्या गेल्या. पाचच वर्षांनी मुंबईत प्लेग आला. संसर्गाच्या वॉर्डात उभे राहणे म्हणजे काय, ते या शहराने तेव्हा पाहिले. पण रुग्णांच्या मृत्यूंचे तक्ते जसे सरकारी अहवालांत सापडतात, तसे वॉर्डातल्या बायांच्या आजारपणाचे सापडणे कठीण.

भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला तेव्हा देशात ४३ हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. तिच्या कामाच्या अवस्थेवर समितीने कडक शब्द वापरले. नंतर १९५४ मध्ये ए. बी. शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली परिचारिकांच्या सेवाशर्तींसाठी स्वतंत्र समिती नेमली गेली. १९८७ मध्ये आणखी एक उच्चाधिकार समिती झाली, अध्यक्ष सरोजिनी वरदप्पन. समित्यांना तोटा नव्हता. इकडे लष्करी परिचर्या सेवेत लग्न हेच नोकरी जाण्याचे कारण होते. १९८८ मध्ये अशा कारणाने काढलेल्या एका अधिकारी परिचारिकेला ६० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये.

आणि क्षय? तो गेलेला नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यासात ७२६ आरोग्यसेवकांची तपासणी झाली होती. त्यांतल्या निम्म्यांत सुप्त लागणीची खूण मिळाली, आणि नोकरीची वर्षे वाढतील तशी ती वाढत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात परिचर्येच्या विद्यार्थिनींचा अभ्यास झाला. त्यांच्यात वर्षाला नवी लागण होण्याचे प्रमाण सुमारे ७.८ टक्के निघाले. देशातला सर्वसाधारण अंदाज तेव्हा दीड टक्क्याचा होता. ऑस्लोतली गोष्ट ऐंशी-नव्वद वर्षांनी तामिळनाडूत पुन्हा दिसली.

आता या मुलीचा रजेचा हिशेब पाहू. विद्यार्थिनी असेपर्यंत ती कर्मचारी नव्हेच. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, पण प्रमाणपत्र हातात पडायला प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के. म्हणजे वॉर्डात लागलेल्या तापाचे दिवस तिने त्याच वॉर्डात भरून द्यायचे. नियमामागचे कारण समजते, अर्धवट शिकलेली नर्स कोणालाच नको. तरी भरपाई एकाच बाजूने होते हेही खरे.

पुढे ती खासगी रुग्णालयात लागली आणि पगार राज्य विम्याच्या मर्यादेत बसला, तर कायद्याने तिला औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतात. आजारपणाचा रोख भत्ता मात्र वर्गणीचा सहामाही हिशेब जुळल्यावर, म्हणजे साधारण नऊ महिने गेल्यावर सुरू होतो : पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवस. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारांसाठी ८० टक्क्यांचा वाढीव भत्ता ठेवला आहे, आणि तो दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. त्याची अट सलग दोन वर्षांच्या नोकरीची. ही अट कारखान्यातल्या कामगाराच्या मापाने शिवलेली आहे. पहिल्याच वर्षी क्षय झालेल्या नर्सला ती बसत नाही.

कायद्यात दुसरे एक दार आहे, फारशा कोणी न ठोठावलेले. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या 'अ' भागात आरोग्यसेवेच्या कामात होणारे संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य मानले आहेत. या भागातल्या रोगाला किती महिने नोकरी झाली हे विचारले जात नाही. उलट सिद्ध होईपर्यंत तो कामावरची इजाच समजला जातो, आणि इजेच्या लाभाला वर्गणीची अट नाही. म्हणजे रुजू होऊन दोन महिने झालेली मुलगीही दावा करू शकते. उलट बाजूने सहसा एकच मुद्दा येतो : ही लागण घेऊनच आली होती. त्याला उत्तर द्यायला रुजू होण्याच्या दिवशीच्या चाचणीचा कागद लागतो. हाइमबेक १९२४ मध्ये करीत होते तीच चाचणी, आणि तिची नोंद कोणीतरी जपून ठेवलेली.