गृहबांधणींत सामन्तांचा अधिकार

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत घरांचीं व घरठाणांचीं खरेदीखतें पुष्कळ आढळतात. राजकीय पत्रांच्या शोधांत असलेला संग्राहक तीं बहुधा बाजूस टाकतो. फार झालें तर देणारा, घेणारा व मिति यांची टीप करितो आणि चतुःसीमा गाळतो. पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस तमक्याची भिंत, या मजकुरांत इतिहास तो कसला, असें त्यास वाटतें. प्रस्तुत लेखकाच्या मतें ही मोठी चूक आहे. चतुःसीमेंत ज्याचें नांव येतें तो शेजारी केवळ दिशेची खूण नव्हे. आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्रांत तो बांधणीचा साक्षी आणि अधिकारी आहे.

या विषयाचें सविस्तर विवेचन कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत, आठव्या व नवव्या अध्यायांत आहे. हा ग्रंथ पंडित शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केला. त्यांत वास्तूविषयींच्या वादाचा निर्णय सामन्तांच्या सांगण्यावर ठेविला आहे. सामन्त म्हणजे येथें मांडलिक राजा नव्हे. समन्त म्हणजे सभोंवार. सभोंवार राहणारा तो सामन्त, अर्थात् शेजारी. हा अर्थ ध्यानांत न घेतल्यास सारें प्रकरणच विपरीत लागतें.

आतां नियम पाहूं. नवें बांधकाम परक्याच्या भिंतीपासून दोन अरत्नि किंवा तीन पदें सोडून करावें. अरत्नि २४ अंगुलांची व पद १४ अंगुलांचें. म्हणजे दोन्ही मापांत सहा अंगुलांचाच फरक. दोन छपरांच्या वळचणींत चार अंगुलें अंतर असावें, अथवा एक वळचण दुसरीवर चढवावी. उजेडासाठीं खिडकी लहान व उंचावर ठेवावी. शेजाऱ्यास बाध होईल असें समोरासमोर दार किंवा खिडकी काढणाऱ्यास पूर्वसाहस दंड आहे. मध्यें राजमार्ग किंवा गल्ली असल्यास मात्र दोष नाहीं. दुसऱ्याच्या भिंतीस पाण्यानें उपद्रव दिल्यास १२ पण, मलमूत्रानें दिल्यास त्याच्या दुप्पट.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, घरधन्यांनीं एकत्र जमून वाटेल तसें बांधावें व जें नको असेल तें टाळावें, अशी मोकळीक तेथेंच दिली आहे. म्हणजे अंतराचे आंकडे संमति नसेल तेथले; संमति हेंच मूळ. बांधणीपूर्वीं राजाधिकाऱ्याची अनुज्ञा घेण्याचा विधि या प्रकरणांत नाहीं. राजा येतो तो दंडापुरता. विक्रीसही हेंच तत्त्व लागू आहे. शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष घरापुढें विक्री पुकारावी, तीन वेळां पुकारूनही हरकत न आली तरच घेणाऱ्यास घर मिळावें.

कात्यायनानें यांत काळाची मर्यादा घातली. वस्ती झाल्यावर परक्याच्या घरांत दृष्टि जाईल अशी खिडकी किंवा त्यांत पाणी पडेल अशी पन्हळ नव्यानें काढूं नये, असा त्याचा आशय आहे. कात्यायनस्मृतीची मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. निबंधग्रंथांतून विखुरलेलीं वचनें वेंचून म. म. पां. वा. काणे यांनीं १९३३ सालीं तिचा सारोद्धार सिद्ध केला. निबंधकारांनीं तीं वचनें उतरून ठेविलीं नसतीं, तर शेजाऱ्याचा हा हक्कही आपणांस कळता ना.

अर्वाचीन कायद्यानें क्रम बदलला. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३३७ अन्वयें बांधणाऱ्यानें आपल्या इराद्याची सूचना आयुक्तांस द्यावयाची असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४४ अन्वयें अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे जातो. पूर्वीं जी वार्ता चाळीस कुळांनीं ऐकावयाची, ती आतां प्रथम कचेरीच्या टेबलावर पडते. वीस वर्षें निर्वेध भोगलेल्या उजेडवाऱ्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ नें राखला आहे खरा. परंतु तो सिद्ध करण्यास पुरावा लागतो.

आणि तो पुरावा कोठें सांपडावा? ज्या खतांस आपण क्षुल्लक म्हणतों, त्यांतच. भिंत कोणाची, पन्हळ कोणीकडे, गल्ली सामाईक कीं खासगी, हें त्यांवांचून दुसरें कोण सांगणार? वाडे पडत आहेत आणि त्यांबरोबर कागद रद्दीच्या भावानें जात आहेत. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, घराचें खत हातीं येतांच चतुःसीमा संपूर्ण उतरून घ्यावी व साक्षीदारांचीं नांवें तींतील नांवांशीं ताडून पाहावीं. सामन्त साक्षीस उभे होते कीं नाहीं, याचा निर्णय त्यानेंच होईल.