हाडात रुजणारा दात

आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत एका काकींनी कर्जासाठी अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, 'दात बसवणे'. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी हाडात स्क्रू, मग थांबायचं, मग दात. काकी म्हणाल्या, "पैसे आत्ता देवचे आनी दात तीन महिन्यांनी? ह्या खयचा?" सगळ्या हसल्या. मी मात्र घरी येऊन वाचत बसले.

दात रोवायची कल्पना फार जुनी आहे. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये 1931 साली साधारण इसवी सन 600 च्या सुमाराचा एक जबडा सापडला. खालच्या तीन दातांच्या जागी घासलेले शिंपल्याचे तुकडे होते. आपण तिसऱ्या साफ करून शिंपले फेकून देतो ना, तसले! 1970 साली एक्स-रे काढला तेव्हा त्यांच्याभोवती हाड धरलेलं दिसलं. म्हणजे माणूस जिवंत असतानाच ते बसवले होते.

आजची पद्धत मात्र योगायोगानं सापडली. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क 1952 साली सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आतलं रक्त कसं वाहतं ते बघत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले, तर निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. (टायटॅनियम ज्या इल्मेनाइटपासून मिळतं, ते आपल्या शेजारच्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे.) 1965 साली त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. 2006 साली लार्सन वारले, तोपर्यंत ते टिकले.

ते स्क्रू गुळगुळीत होते. खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्यात सहा महिने थांबावं लागे. आता आपला चिरा आठवा. चिऱ्याच्या खडबडीत अंगाला गिलावा सहज धरतो. काँक्रीटच्या गुळगुळीत खांबाला मात्र गवंडी आधी छिन्नीनं टोचे मारतो. स्क्रूचंही तेच केलं. बारीक कणांचा मारा करून, वर आम्ल लावून त्यावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडले. त्यात रक्ताची गुठळी धरते आणि हाड घडवणाऱ्या पेशी तिथे बसतात. 1991 साली डुकरांवर केलेल्या प्रयोगात खडबडीत स्क्रूला जास्त हाड चिकटलेलं दिसलं. त्यानंतर चांगलं हाड असलेल्या रुग्णांचं थांबणं सहा ते आठ आठवड्यांवर आलं.

पण थांबायचं कशाला? स्क्रू पहिल्या दिवशी नुसता आवळल्यामुळे घट्ट असतो. मग कडेचं जुनं हाड थोडं झिजतं आणि नवं भरायला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमी असते. तेव्हाच त्यावर चावायला लागलात, तर स्क्रू हलतो आणि हाड धरत नाही. तंबाखू आणि ताब्यात नसलेली साखर हे भरणं आणखी बिघडवतात. तिथे स्क्रू कितीही खडबडीत असला तरी काय करणार!

काकींचं कर्ज मंजूर झालंय, हप्ता दात बसल्यावर सुरू होईल. मिश्रीचं विचारलं तेव्हा मात्र त्या दुसरीकडे बघायला लागल्या.